मुलीला टॅटूच्या कोर्सची फी भरावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला राहणारे एक वडील लिहितात: मुलगी २१ वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड. आता तिला टॅटू आणि पिअर्सिंग शिकायचंय, आणि त्यासाठी दीड महिन्याच्या सर्टिफिकेट कोर्सची फी आणि एक मशीन मागतेय. यात पोट भरतं का, रोगराईचा धोका किती, दोन्ही कामं शिकावीत की एकच, आणि फी भरावी का?

मी पुण्यात बरीच वर्षं ही दोन्ही कामं करते, हाताखाली शिकणारी मुलंही असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. दीड महिन्याच्या कोर्सची फी आत्ता भरू नका. मुलीला अडवा असं मी म्हणत नाही. पण दीड महिन्यात हे काम शिकवता येत नाही, मग शिकवणारा कितीही प्रामाणिक असो. टॅटूची खपली जायला दोन-तीन आठवडे लागतात आणि आतली त्वचा स्थिरावायला दीड-दोन महिने. म्हणजे कोर्सच्या चौथ्या आठवड्यात मुलीने कुणाच्या हातावर पहिली रेष मारली, तर ती रेष नीट बसली की नाही हे कळेपर्यंत सर्टिफिकेट फ्रेम होऊन भिंतीवर लागलेलं असतं. पिअर्सिंगचं तर त्याहून लांबतं. कानाची पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते, नाकपुडीला चार-सहा महिने लागतात, कानाच्या वरच्या कुर्चेला आणि बेंबीला सहा महिने ते वर्ष. स्वतःचं काम भरून आल्यावर कसं दिसतं हे ज्याने पाहिलंच नाही, त्याला काय येतं आणि काय येत नाही हे त्याचं त्यालाही माहीत नसतं.

या धंद्यातली प्रत्येक गोष्ट मी याच एका मापाने मोजते: भरून आल्यावर काय उरलं? ताजा टॅटू जवळजवळ सगळ्यांचाच छान दिसतो. शाई काळीभोर, कातडी ताणलेली, वरून रिंग लाइट. तो फोटो इन्स्टाग्रामवर जातो आणि त्यावरून लोक कलाकार ठरवतात. सहा महिन्यांनी त्याच हाताचा फोटो कुणी टाकत नाही, आणि टाकत नाही म्हणजे का टाकत नाही ते समजून घ्यावं.

आत काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. त्वचेचा अगदी वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो. शाई तिथेच राहिली तर झडून जाते, रेष तुटक होते. म्हणून ती त्याखालच्या थरात, सुमारे दीड-दोन मिलिमीटरवर बसावी लागते. तिथे शरीरातल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात आणि धरून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की अशी पेशी मेली की शाई सुटते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळते. टॅटू टिकतो तो या देवघेवीमुळे. सुई त्याहून खोल गेली तर शाई चरबीत शिरून पसरते आणि रेषेभोवती निळसर छाया येते. त्याला आम्ही ब्लोआउट म्हणतो. तो पुसता येत नाही, झाकताही क्वचितच येतो. आणि ही खोली सगळीकडे सारखी नसते. दंडाच्या आतल्या बाजूची, मनगटाची, घोट्याजवळची कातडी पातळ, पाठीची जाड. हाताला हे कळायला एका हाताने कातडी ताणून धरायची आणि दुसऱ्याने रेष ओढायची सवय लागते. ही सवय रबराच्या नकली कातडीवर अर्धीच येते, कारण रबर सुजत नाही, रक्त येत नाही, आणि दुखलं म्हणून हात मागे घेत नाही.

घरात आजी असतील आणि त्यांच्या हातावर गोंदण असेल, तर मुलीला ते भिंग घेऊन बघायला सांगा. तुळस, ठिपके, कुणाचं तरी नाव. पन्नास-साठ वर्षांत रेष किती जाड झाली, काळ्याचा हिरवट कसा झाला, कुठला ठिपका शेजारच्याला जाऊन मिळाला, सगळं दिसतं. आणि एक गोष्ट हमखास दिसेल: ज्या नक्षीत ठिपक्यांमध्ये मोकळी जागा सोडली होती ती आजही वाचता येते. जागा सोडणं या कामात रेघ मारण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि कुठल्याही कोर्समध्ये ते पहिल्या दिवशी सांगायला हवं.

चित्रकलेच्या ग्रेडचा उपयोग होतो का? होतो, पण तुम्हाला वाटतो तिथे नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र यांनी नजर तयार होते, ते बरंच. खरा फायदा भूमिती-अक्षरलेखनाच्या पेपरचा. पुण्यात टॅटूचं निम्मं काम अक्षरांचं आहे: आई-बाबा, मुलांची नावं, स्वामी समर्थ, मंत्र आणि राजमुद्रा. राजमुद्रेवर जरा थांबते. अष्टकोनात ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ पासून ‘राजते’ पर्यंत दोन ओळींचा पूर्ण श्लोक, आणि माणूस म्हणतो मनगटाजवळ दोन इंचात बसवा. ताजी असताना बसते. पाच वर्षांनी ‘द्र’, ‘ष्णु’, ‘श्व’ या जोडाक्षरांच्या पोटातल्या जागा भरून येतात आणि महाराजांच्या मुद्रेचा काळा ठिपका होतो. माझ्या अनुभवात देवनागरी अक्षराची उंची सात-आठ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये, जोडाक्षर असेल तर त्याहून मोठं घ्यावं. रोमन लिपीत जे माप चालतं ते आपल्याकडे चालत नाही. आपल्या अक्षराला वर शिरोरेषा आहे, खाली उकार आहेत, पोटात गाठी आहेत. दंडावर घ्या, मोठी घ्या, नाहीतर नुसती चंद्रकोर घ्या, असं मी सांगते. काही जण उठून दुसरीकडे जातात. जाऊ द्यावं.

शुद्धलेखन हा दुसरा खड्डा. ‘आशीर्वाद’ हा शब्द ‘आर्शिवाद’ असा लिहून आणणारे मी मोजणं सोडून दिलंय. त्यातच संगणक भर घालतो. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसेल तर पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरापुढे जाते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. ज्याला मराठी वाचता येत नाही असा कलाकार ते जसंच्या तसं स्टेन्सिलवर, म्हणजे कातडीवर नक्षी छापायच्या कागदावर, उतरवतो. मराठी मुलगी म्हणून तुमच्या लेकीची ही बाजू जन्मतःच भक्कम आहे, तिने ती वापरावी. स्टेन्सिल लावल्यावर क्लायंटला आरशात नव्हे, फोटो काढून दाखवायचा, एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावायचं, आणि कागदावर सही घ्यायची. सुई त्यानंतर.

रंगांबद्दल एकच सांगते. शाई त्वचेच्या रंगाखाली बसते, म्हणून आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर पिवळा, फिका गुलाबी, पांढरा हे रंग भरून आल्यावर मातकट होतात. परदेशी व्हिडिओत गोऱ्या कातडीवर जे दिसतं ते इथे दाखवून विकणं ही फसवणूकच. काळ्याच्या छटांवर हात बसला की पुण्यात काम कमी पडत नाही. गाठीसारखे व्रण उठण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्तीही आपल्या त्वचेत जास्त. जुन्या जखमेचा व्रण कसा भरलाय ते आधी बघायचं. कोडाचे पांढरे डाग असलेल्या माणसाला टॅटू हवा असेल तर त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन यायला सांगायचं, कारण टोचल्याच्या जागी नवा डाग उठू शकतो.

आता रोगराई, जी तुमची खरी काळजी आहे आणि असायलाच हवी. धोका आहे. रक्तातून पसरणारे तीन विषाणू आमच्या टेबलावर कायम गृहीत धरायचे: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. रुग्णालयांत वापरलेली सुई चुकून टोचली गेल्याच्या अपघातांवरून जे आकडे मांडले जातात, त्यानुसार एचआयव्ही लागण्याची शक्यता ०.३ टक्क्याच्या आसपास, हिपॅटायटिस सीची दोनेक टक्के, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची सहा ते तीस टक्के. टॅटूची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते, त्यामुळे हे आकडे आम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत, पण क्रम लक्षात घ्या. सगळे एचआयव्हीला घाबरतात. जास्त चिवट आहे तो हिपॅटायटिस बी. वाळलेल्या रक्तात, टेबलाच्या कडेवर, तो आठवडाभर जिवंत राहू शकतो. आणि त्यालाच लस आहे. तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. लहानपणी झाली असेल तरी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्यावी. फीच्या आधी हा खर्च करा. एवढं करूनही कधी वापरलेली सुई टोचलीच, तर जागा साबण-पाण्याने धुवून तडक सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं.

बाकी स्वच्छता म्हणजे काय, तर हातमोजे घालणं नव्हे. हातमोजे सगळेच घालतात आणि त्याच हाताने फोन उचलतात, केस मागे सारतात, शाईची मुख्य बाटली उघडतात. सुई नवी असली तरी तो हात नवा नाही. सुई आणि कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली नळी, एकदाच वापरायची, शाई छोट्या कपात काढून उरलेली फेकायची, मशीन-वायर-बाटली-दिवा या सगळ्यांवर प्लास्टिकचं आवरण आणि ते प्रत्येक माणसानंतर बदलायचं. पुन्हा वापरायची अवजारं, विशेषतः पिअर्सिंगची, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला निदान पंधरा-वीस मिनिटं, आणि पाकिटबंद असतील तर त्याहून जास्त. ब्यूटी पार्लरमध्ये निळा दिवा लागलेली पेटी असते ना, त्याने निर्जंतुकीकरण होत नाही. उकळत्या पाण्यानेही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. ऑटोक्लेव्ह खरंच काम करतोय का हे बघायला बीजाणूंची पट्टी मिळते. ती मशीनमध्ये ठेवून नंतर तपासायची आणि नोंद ठेवायची.

वापरलेल्या सुया कुठे जातात हेही विचारा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार टोकदार वस्तू पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात बंद करून अधिकृत संस्थेकडे द्यायच्या असतात. पुण्यात घरोघरचा कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई हाताने वेगळा करतात. ज्या स्टुडिओच्या सुया काळ्या पिशवीतून त्यांच्या हातात जातात, तिथे मुलीला शिकायला पाठवू नका, मग भिंतीवर कितीही बक्षिसं असोत.

शिक्षक निवडायचा तो असाच. फोन न करता दुपारी जा. हात धुण्याचं बेसिन कुठे आहे ते बघा. असलं तर साबण आहे का ते बघा. भरून आलेल्या कामाचे फोटो मागा, वर्षाचे, दोन वर्षांचे, नुसते त्या दिवशीचे नकोत. जुने क्लायंट परत येतात का, शिकून गेलेली मुलं आज कुठे काम करतात, त्यातली दोन भेटतील का, हे विचारा. राग आला तर उत्तर मिळालं असं समजा. चांगला माणूस कोर्स विकण्याऐवजी हाताखाली घेतो: सहा महिने साफसफाई, पॅकिंग, स्टेन्सिल, चित्रं, मग नकली कातडी, मग स्वतःची मांडी, मग मित्रमैत्रिणींवर बसवता येतील अशी छोटी कामं, शेजारी उभं राहून. वर्ष-दीड वर्ष जातं. त्यासाठी काही जण फी घेतात, काही कामाच्या बदल्यात शिकवतात. दोन्ही चालतं, फक्त काय शिकवणार ते कागदावर असावं. मुलीला पदवी पूर्ण करून संध्याकाळी हे करता येईल, करू द्या. (सराव स्वतःवर करणारी मुलं वर्षभर रक्तदानाला चालत नाहीत. गणपती मंडळाच्या शिबिरात नाव दिलं असेल तर आधीच काढून घ्यायला सांगा.)

दोन्ही शिकावं का? माझं मत, शिकावं, पण एकदम नको. आणि मुलीच्या बाबतीत पिअर्सिंग आधी शिकणं शहाणपणाचं ठरेल. टॅटू आयुष्यात एकदा-दोनदा होतो, महिनोन्‌महिने विचार करून. पिअर्सिंगला लोक चालता चालता येतात. तुळशीचं लग्न झालं की नाक टोचायला मुलींची रांग लागते, गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकातली मुलं भिकबाळीसाठी येतात. स्टुडिओचं भाडं बऱ्याचदा त्यातूनच निघतं. शिवाय बेंबी टोचायची असेल तर बायका बाई शोधत येतात. बाई पिअर्सर असणं हा पुण्यात अजूनही मोठा फायदा आहे.

पण हे सोपं काम आहे असं समजून कुणी त्यात पडू नये. आपल्याकडे बाळाचे कान सोनाराने सोन्याच्या तारेने टोचायची रीत आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या पेढ्यांत ते काम हलक्या हाताने करणारी माणसं मी पाहिली आहेत, पाळीसाठी त्यांना नावं ठेवण्यासारखं फारसं काही नाही. वाईट आहे ती बंदूक. स्प्रिंगच्या जोराने बोथट कुडी मांसातून घुसवायची. प्लास्टिकची असल्याने ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही, आणि तीच पुढच्या कानाला. पाळीत ते एक वेळ निभावतं. भिकबाळी, बुगडी बसते ती वरच्या कुर्चेत. कुर्चेला रक्तपुरवठा कमी, तिथे दाबाने ठेच बसली आणि जंतू शिरले की पू होऊन कुर्चा वितळते आणि कानाचा आकार कायमचा बदलतो. कुर्चा सुईनेच, एकदा वापरून टाकायच्या धारदार पोकळ सुईनेच.

दागिन्याचा धातू हा या कामाचा अर्धा भाग आहे. तुळशीबागेतली कुडी भरलेल्या छिद्रात घालायला छान, ताज्या जखमेत नाही. निकेलची अ‍ॅलर्जी किती जणांना असते हे पिअर्सिंग करायला लागल्यावर कळतं. ताज्या छिद्रात शरीरात बसवण्याच्या दर्जाचं टायटॅनियम घालावं, प्रमाणपत्रावर एएसटीएम एफ १३६ लिहिलेलं असतं. नाहीतर निकेलरहित चांगलं सोनं. पहिली दांडी सुजेसाठी जागा ठेवून लांब घालायची आणि महिना-दोन महिन्यांत क्लायंटला परत बोलावून आखूड बसवायची. बहुतेक स्टुडिओ हे दुसरं बोलावणं विसरतात. मग लांब दांडी केसांत, उशीत, हेल्मेटमध्ये अडकत राहते, छिद्र तिरकं होतं, बाजूला फोड येतो आणि आजी म्हणतात ‘हळद लाव’. हळद, खोबरेल, स्पिरिट काही नको. मिठाचं निर्जंतुक पाणी, ०.९ टक्क्याचं, दिवसातून दोनदा, आणि बोट न लावणं. पुण्यात दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधणाऱ्या मुलींना नाक टोचल्यावर पहिले काही महिने तो कसा सोडायचा हे मी करून दाखवते, कारण अर्ध्या चमक्या ओढल्या जातात त्या घरी पोचून स्कार्फ काढताना.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी नाक टोचून नथ घालायची असं म्हणत नवरी आली, तर चापाची नथ घ्या म्हणून परत पाठवायची. गणपतीत मिरवायची भिकबाळी नवरात्र-दिवाळीतच टोचून ठेवायची, ऑगस्टमध्ये नाही. हे सांगितलं की त्या दिवशीचे पैसे जातात. पण जो माणूस भरून आलेली भिकबाळी घेऊन पुढच्या वर्षी मिरवणुकीत वाजवतो, त्याच्यामागून अख्खं पथक येतं.

नाही म्हणणं ओघात आलंच आहे तर थोडं आणखी. १८ वर्षांखाली टॅटू नाही, आईवडील सोबत आले तरी माझ्याकडे नाही. प्यायलेला नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या, ताब्यात नसलेला मधुमेह, गरोदरपण: नाही, किंवा डॉक्टरांना विचारून. आणि भरतीची तयारी करणारी मुलं, जी आपल्या शहरात पेठापेठांत भरली आहेत. सैन्यात टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. इतर ठिकाणी असेल तर उमेदवार बाद होऊ शकतो, आदिवासी समाजांतल्या परंपरागत गोंदणाला सवलत आहे. निमलष्करी दलांचे नियम आणखी वेगळे. खडकवासल्याला एनडीएत जायचं स्वप्न बघणाऱ्या मुलाच्या दंडावर वाघ काढून दिला तर पैसे आपले आणि नुकसान त्याचं. मी विचारते, भरतीचा विचार आहे का, आणि हो म्हणाला तर जाहिरातीतला नियम वाचून ये म्हणते. चेहरा, मान, बोटं यावर पहिला टॅटू मी कुणाचाच करत नाही. सुन्न करायचं इंजेक्शन देणं, अँटिबायोटिक सांगणं, लेझरने टॅटू काढणं, ही डॉक्टरांची कामं. लेझरचं मशीन घ्या म्हणून विक्रेते मागे लागतील, मुलीने त्यात पडू नये.

पोट भरतं का? भरतं, पण उशिरा. पहिली दोन वर्षं कमाई धरू नका, घरचा आधार लागेल हे आत्ताच मान्य करा. मग कुठल्या तरी स्टुडिओत टक्केवारीवर बसायचं, साधारण निम्मं-निम्मं, कधी चाळीस-साठ. जागा, वीज, साहित्य कुणाचं हे आधी ठरवायचं, नाहीतर निम्म्यातलं निम्मं तिकडेच जातं. शनिवार-रविवार माणसं थांबवावी लागतात आणि मंगळवारी कुत्रं फिरकत नाही. पावसाळ्यात सिंहगडावर भिजायला जाणाऱ्यांना नवीन टॅटू परवडत नाही, तेव्हा तेही मंदीचं. इंचावर दर लावायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला पटत नाही, कारण एका इंचात ‘ॐ’ही बसतो आणि बारीक चेहराही. कामाला किती तास लागणार त्यावर दर सांगावा, आणि भरून आल्यावरचं एक टचअप त्यातच धरावं. टचअप फुकट द्यायचं ठरवलं की हात आपोआप नीट चालतो.

शरीराचाही हिशेब धरा. पाच-सहा तास वाकून बसणं, मनगट, मान, कंबर, डोळे. चाळिशीत या कामातली अर्धी माणसं फिजिओथेरपीला जातात, मीही त्यातच. चांगली खुर्ची ही चैन नाही.

स्वतःचा स्टुडिओ हा तीन-चार वर्षांनंतरचा विषय. फर्ग्युसन रस्ता, कोरेगाव पार्क, विमाननगर इथली भाडी बघून मुलीने हुरळू नये आणि घाबरूही नये. लोक टॅटूसाठी लांबून येतात, कोथरूडच्या गल्लीतही येतात. गर्दीचा रस्ता पिअर्सिंगला लागतो. लहान जागेसाठी शॉप अ‍ॅक्टखाली ऑनलाइन सूचना, उद्यम नोंदणी, कचऱ्याची व्यवस्था. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज आहे, विनातारण. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये सुरू करणार असाल तर आधी सोसायटीशी बोला, नाहीतर पहिला क्लायंट जिन्यात भेटतो आणि पहिली तक्रारही तिथेच. एकटी असताना अनोळखी माणसाचं काम घ्यायचं नाही, हा नियम मी आजही पाळते.

आता मशीन. ते तिला आत्ता घेऊन देऊ नका. साठ-सत्तर रुपयांची स्केचबुकं, चांगली पेनं आणि रोज दोन तास एका दमात लांब वक्ररेषा, अक्षरं, लहान वर्तुळं. सहा महिन्यांनी कुणाच्या हाताखाली जागा मिळाली की तो शिक्षक जे मशीन वापरतो तसंच घ्या, म्हणजे दोष हाताचा की मशीनचा हे कळतं. ऑनलाइन मिळणारं दोन-तीन हजारांचं किट कदापि नको. त्यातल्या शाईवर ना बॅच नंबर ना मुदतीची तारीख. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत. त्या नियमात बसणारी शाई घ्यायची आणि सीलबंद घ्यायची, नामांकित कंपन्यांच्या नकली बाटल्याही बाजारात फिरतात. सुईच्या पाकिटावरचे आकडे तिला आत्ताच वाचायला शिकू द्या: १२०७ आरएल म्हणजे ०.३५ मिलिमीटर जाडीच्या सात सुया, गोल बांधलेल्या, रेषा मारायला. १००३ आरएल म्हणजे ०.३० मिलिमीटरच्या तीन. शिक्षकाला पहिल्या भेटीत हे माहीत असलेली मुलगी वेगळी दिसते.

तेव्हा त्या कोर्सचे पैसे बाजूला ठेवा आणि त्यातून या क्रमाने खर्च करा: हिपॅटायटिस बीची लस किंवा तपासणी, चित्रांचं साहित्य, प्रथमोपचार आणि संसर्ग-नियंत्रणाचं एखादं रीतसर प्रशिक्षण. उरलेले शिकाऊ काळातल्या पेट्रोल-डब्याला लागतील. मुलीला म्हणावं पुढच्या महिन्यात निदान पाच स्टुडिओ पालथे घाल आणि परत आल्यावर प्रत्येक ठिकाणचं बेसिन कसं होतं ते लिहून ठेव.